घामाचा हिशेब

चौदा आठवड्यांत साडेचार किलो. काट्यावरचा आकडा 72.5 वरून 68 वर आला तेव्हा मी खूश झाले, साधारण दोन दिवस. तिसऱ्या दिवशी भाचा आला. हा पोरगा गेली पाच-सहा वर्षं नेमाने वजनं उचलतो आणि बोलताना भीडभाड ठेवत नाही. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "मावशी, बारीक झालीस खरी. पण झेरॉक्स काढताना साइझ कमी करतात ना, तशी झालीस. आकृती तीच."

राग आला, कारण खरं होतं. दंडाचं मांस हात हलवला की तसंच हलत होतं. पोट आत गेलं होतं, पण त्याचा आकार बदलला नव्हता. जिना चढताना धाप लागेनाशी झाली होती हे कबूल. पण भरलेली बॅग वरच्या फळीवर ठेवायची म्हटलं की अजूनही कुणाला तरी हाक मारावी लागत होती.

माझं वय तेव्हा 44. काम हिशेब तपासण्याचं, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. दुसऱ्याच्या वहीत जमा कुठे, खर्च कुठे आणि मधली तफावत कशापायी, हे विचारण्याचे मला पैसे मिळतात. हीच नजर स्वतःच्या व्यायामावर मात्र मी चौदा आठवडे टाकली नव्हती.

व्यायाम निवडायची माझी पद्धत अगदी सरळ होती. मनगटावर पट्टा बांधायचा, आठवडाभर वेगवेगळ्या वर्गांना जाऊन बघायचं आणि ज्यात कॅलरीचा आकडा सगळ्यात मोठा येईल तिथे नाव घालायचं. ट्रेडमिलवर 310 आले. नाचाच्या वर्गात 380. वजनांच्या तासाला जेमतेम 190, म्हणून तो पहिल्याच दिवशी यादीतून उडाला. उड्या, बर्पी (खाली बसून, पाय मागे टाकून, पुन्हा उठत मारलेली उडी), जागच्या जागी पळणं आणि मोठ्या आवाजातलं संगीत असा एक 45 मिनिटांचा वर्ग होता, तिथे 560! शिवाय घामाने टी-शर्ट पिळून काढावा लागला. म्हटलं, हाच. आठवड्यातून पाच दिवस.

घाम म्हणजे वितळलेली चरबी, असं मी कुणापुढे म्हटलं नसतं, पण मनात कुठेतरी तेच होतं. वास्तविक घाम हा अंग थंड ठेवायचा बंदोबस्त. वर्गाआधी आणि वर्गानंतर काट्यावर उभं राहिलं तर अर्धा-पाऊण किलोचा फरक दिसायचा आणि मला गुदगुल्या व्हायच्या. दोन-तीन ग्लास पाणी प्यायलं की तो फरक जागच्या जागी परत.

भाच्याच्या त्या झेरॉक्सनंतर मी वही काढली. पहिली शंका त्या 560 वर. स्टॅनफर्ड विद्यापीठात 2017 साली सात मनगटी उपकरणं तपासली होती. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले, पण खर्च झालेल्या कॅलरी एकालाही नीट सांगता आल्या नाहीत. त्यातल्या त्यात बऱ्या उपकरणाची सरासरी चूक 27 टक्के, सगळ्यात वाईटाची 93 टक्के. ज्या आकड्याच्या भरवशावर मी व्यायाम निवडला, तो आकडा माझ्या एखाद्या पक्षकाराच्या वहीत असता तर मी लाल पेन्सिलीने गोल केला असता.

मग रीतसर मांडणी केली. व्यायामाचा जोर मोजायला मेट नावाचं एकक आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचा एक मेट, म्हणजे दर किलो वजनामागे तासाला साधारण एक कॅलरी. (आपण बोलताना कॅलरी म्हणतो ती खरं म्हणजे किलोकॅलरी, पण तो वाद इथे नको.) दमवणाऱ्या उड्यांच्या वर्गाला ढोबळमानाने आठ मेट धरू. सरासरी वजन 70 किलो, वेळ पाऊण तास: 420. यातून मी त्या पाऊण तासात नुसती खुर्चीत बसून जे जाळलं असतं ते वजा करायला हवं, साधारण 52. उरले 367. आता एक किलो चरबीत अंदाजे 7700 कॅलरी असतात. म्हणजे एका किलोला 21 वर्ग. चौदा आठवड्यांत माझ्या हजेऱ्या 58. गुणाकार-भागाकार करून पावणेतीन किलो.

गेले होते साडेचार. उरलेला पावणेदोन किलोचा फरक दोन ठिकाणचा होता. एक, त्या काळात मी जेवणही बरंच कमी केलं होतं. दुसरी गोष्ट कळली तेव्हा पोटात गोळा आला. ताकदीचा व्यायाम न करता, कमी खाऊन वजन उतरवलं की जे जातं त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. एकूण घटीच्या चौथ्या हिश्शापर्यंतसुद्धा. तिशीनंतर स्नायू तसेही हळूहळू झिजत असतात. मी त्यांना घाम गाळून, पैसे भरून निरोप देत होते.

हे सगळं कळूनही वर्ग सोडला नसता. आळस म्हणा, की भरलेल्या फीचा मोह. पण पंधराव्या आठवड्यात उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखायला लागलं. आधी उड्या मारताना, मग जिना उतरताना, मग खुर्चीतून उठताना. वर्गातल्या प्रशिक्षकाला सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, वॉर्म-अप वाढवा, आपोआप मोकळा होईल." मी त्याचं ऐकून आणखी आठ दिवस उड्या मारल्या, हा मूर्खपणा माझा.

फिजिओथेरपिस्ट बाई माझ्याहून लहान होत्या. त्यांनी मला एका खुर्चीवर बसवलं, एक पाय पुढे उचलायला सांगितला आणि म्हणाल्या, "आता एका पायावर उठा. हात टेकायचा नाही." डाव्या पायावर मी चार वेळा उठले. उजव्यावर एकदा, तोही गुडघा आत वळवून. पाऊण तास उड्या मारणारी बाई एका पायावर खुर्चीतून उठू शकत नव्हती. "तुमच्याकडे दम आहे, ताकद नाही," त्या म्हणाल्या. "उडी मारून खाली आलात की वजनाच्या कितीतरी पट भार पायांवर येतो. मांडी आणि नितंबाच्या स्नायूंनी तो झेलायचा असतो. ते झेलत नाहीत म्हणून गुडघा झेलतोय."

मी माझं उद्दिष्ट सांगितलं: चरबी जाळायची आहे आणि अंग टोन करायचं आहे, दोन्ही होईल असा एखादा व्यायाम सांगा. त्या हसल्या. "एकच कशाला हवा? दोन कामं आहेत, दोन माणसं नेमा."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

'टोन' हा शब्द मी वर्षानुवर्षं वापरत होते, पण त्याचा अर्थ काय असं स्वतःला विचारलं नव्हतं. शरीरशास्त्रात त्याचा अर्थ वेगळाच आहे: आपण स्वस्थ असतानाही स्नायूत जो थोडा ताण टिकून असतो तो. जिमच्या भाषेतलं टोनिंग अशी स्वतंत्र प्रक्रियाच नाही. स्नायू वाढतो किंवा झिजतो. त्यावरचा चरबीचा थर जाड होतो किंवा पातळ. अंग घोटीव दिसणं म्हणजे खालचा स्नायू थोडा वाढलेला आणि वरचा थर थोडा पातळ झालेला. एवढंच गणित. माझ्या बाबतीत थर पातळ झाला होता आणि खाली दाखवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पहिलं काम स्नायूचं. त्याला जास्तीचा भार मिळाला, मग विश्रांती मिळाली, पुरेसं प्रथिन मिळालं की तो वाढतो. दुसरं काम चरबीचं. ते मुख्यतः ताटात होतं आणि व्यायाम त्याला हातभार लावतो. मी नेमकं उलटं करत होते. चरबीची सगळी जबाबदारी व्यायामावर टाकली होती आणि स्नायूकडे कुणीच बघत नव्हतं.

इथे एक कबुलीजबाब. वर्गाच्या त्या काळात मी रोज रात्री शंभर क्रंचेस (पाठीवर पडून खांदे उचलायचे) मारत होते, सहा आठवडे. पोट कमी करायला पोटाचा व्यायाम, यात चुकीचं काय वाटणार? सहा आठवड्यांनी टेप लावला. बेंबीच्या रेषेत 92 सेंटीमीटर. सुरुवातीला होते 94, आणि तेवढी घट तर दंडातही झाली होती. हा प्रकार समजून घेताना मात्र मला खरीच मजा आली. पोटावरची चरबी शेजारच्या स्नायूला थेट मिळत नाही. व्यायाम सुरू झाला की अॅड्रिनलिनसारखी संप्रेरकं रक्तातून सगळ्या अंगभर फिरतात, ठिकठिकाणच्या चरबीच्या पेशी आपला साठा फोडून रक्तात सोडतात आणि काम करणारा स्नायू रक्तातून लागेल तेवढं उचलतो. कुठल्या पेशी आधी हात सैल सोडतील हे आनुवंशिकता, वय आणि लिंग यांच्यावर ठरतं. 1971 साली टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले होते. खेळणाऱ्या हाताचा घेर जास्त भरला, कारण स्नायू मोठा. पण कातडीखालच्या चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच. एवढी वर्षं एकाच हाताने खेळूनही!

आणि ती चरबी जाते कुठे? मी चार शहाण्या माणसांना विचारलं. दोघं म्हणाले उष्णता होते, एक म्हणाली घाम, चौथ्याने स्नायू होतात असं सांगितलं. याचं उत्तर 2014 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं होतं. दहा किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातली 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि 1.6 किलोचं पाणी होतं. म्हणजे माझं पोट बहुतांशी नाकातोंडातून बाहेर गेलं, क्रंचेसशी त्याची ओळखही नव्हती. (याचा अर्थ नुसते भराभर श्वास घेतल्याने बारीक होता येतं असा नाही. भाच्याने ती शंका लगेच काढली. तसं केलं तर फक्त चक्कर येते.)

मग निवडीला नव्याने बसले. या वेळी मनगटी पट्टा नाही. प्रत्येक व्यायामाला तीनच प्रश्न: यात पुढच्या आठवड्यात मोजून वाढवण्यासारखं काय आहे? गुडघा परवानगी देतो का? आणि कामाने डोकं फुटलेल्या दिवशीही मी हे करेन का? तिसरा प्रश्न वरवर भोळा आहे, पण माझ्या यादीतले निम्मे उमेदवार त्यानेच पाडले. मी मूळची आरंभशूर.

ट्रेडमिलवर एक बटण असतं, 'फॅट बर्न' लिहिलेलं. ते दाबलं की यंत्र तुम्हाला हळू चालवतं. यात खोटं काही नाही, पण अर्धसत्य आहे. हळू चालताना जळणाऱ्या इंधनात चरबीचा वाटा टक्केवारीने जास्त असतो. वेग वाढवला की साखरेचा वाटा वाढतो, पण एकूण खर्चही वाढतो. मोठ्या टक्क्याचा लहान रकमेवरचा हिशेब आणि लहान टक्क्याचा मोठ्या रकमेवरचा, हा आमच्या धंद्यातला जुना घोळ. शिवाय शरीर रात्री खातं बंद करत नाही. तासाभरात काय जळलं यापेक्षा आठवड्याभरात शिल्लक काय राहिली याला महत्त्व. त्या यंत्राचं ठोक्यांचं गणितही 220 वजा वय या सूत्रावर बेतलेलं, आणि त्यात एकेका माणसामागे दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. मी त्यापेक्षा बोलून बघायची पद्धत धरली. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम वेग. तीन शब्दांत दम तुटला की तो जोरकस.

तबाताचा मोह फार होता. एका ठिकाणी '20 मिनिटं तबाता' असा वर्ग होता. मूळ प्रयोग इझुमी ताबाता यांच्या गटाचा, 1996 सालचा, जपानमधला. 20 सेकंद जीव तोडून सायकल, 10 सेकंद थांबा, अशा सात-आठ फेऱ्या, म्हणजे जेमतेम चार मिनिटं. जोर किती, तर शरीर जास्तीत जास्त प्राणवायू वापरू शकतं त्या पातळीच्या 170 टक्के. करणारे तरणेबांड, खेळात मुरलेले विद्यार्थी. मोजमाप होतं ते दमाचं. चरबी हा त्या प्रयोगाचा विषयच नव्हता. जो प्रकार 20 मिनिटं चालतो तो तबाता नव्हेच, कारण खऱ्या तबातानंतर पाचव्या मिनिटाला माणूस जमिनीवर आडवा असतो. आणि 'नंतरही दिवसभर चरबी जळत राहते' म्हणतात ना, ते जळणं असतं, पण मूळ व्यायामाच्या खर्चाच्या साधारण 6 ते 15 टक्के. माझ्या 367 वर फार तर पंचावन्न.

पोहणं आवडलं असतं, पण जाण्यायेण्यात दीड तास जात होता. तिसरा प्रश्न, नापास.

उरला तो पहिल्या दिवशी उडवलेला उमेदवार. वजनं.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, तू मला शिव्या घालणार आहेस, पण अर्ध्या किलोची गुलाबी डंबेल्स आणू नकोस." मी ती आधीच आणली होती. मला वाटायचं, जड वजनं उचलली की अंग पुरुषी होईल, हलकी पन्नास-पन्नास वेळा उचलली की टोन होईल. हलक्या वजनाने स्नायू वाढत नाही असं नाही. वाढतो, पण तेव्हाच, जेव्हा शेवटची काही आवर्तनं खरोखर जड जातात. अर्ध्या किलोने मी पन्नासला थांबत होते ते कंटाळून, थकून नव्हे. बाकी अंग पुरुषी होण्याबद्दल: बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारं संप्रेरक पुरुषांच्या कितीतरी पटींनी कमी असतं, आणि भाचा इतकी वर्षं रोज मरमर करून ज्या दंडांची वाट बघतोय ते मला चुकून मिळतील ही भीती त्याला भयंकर विनोदी वाटली.

शेवटी ठरलं ते असं. सोमवार, बुधवार, शनिवार वजनं, प्रत्येकी पाऊण तास. रोज चालणं, जमेल तसं 30 ते 40 मिनिटं. गुरुवारी स्थिर सायकलवर एक मिनिट जोरात, दोन मिनिटं सावकाश, अशा आठ फेऱ्या. नंतर कळलं की जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारसही अशीच आहे: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. मी फार मोठा शोध लावल्यासारखी ऐटीत होते, तो फुगा फुटला.

वजनांच्या दिवशी पाचच प्रकार. छातीशी डंबेल धरून बैठका, ज्याला गॉब्लेट स्क्वॉट म्हणतात. कंबरेतून नव्हे तर खुब्यातून वाकून वजन उचलणं. पुढे झुकून वजन पोटाकडे ओढणं. पुश-अप. आणि दोन हातांत दोन जड वजनं घेऊन नुसतं चालणं. शेवटचा प्रकार बाजारहाट करून आल्यासारखा दिसतो, पण पोटाच्या स्नायूंना क्रंचेसपेक्षा जास्त घाम याने फोडला. पाचांची निवड करताना एकच धोरण होतं: एका वेळी जास्तीत जास्त मोठे स्नायू कामाला लागले पाहिजेत. मनगटाचे आणि पोटऱ्यांचे लाड नंतर.

बैठकांची सुरुवात वजनाविना झाली. मागे खुर्ची ठेवून तिला टेकेपर्यंत जायचं आणि उठायचं. दोन आठवड्यांनी छातीशी 6 किलो. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं की गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने जाऊ द्या, आत पडू देऊ नका. आरशात बघून शिकले. पुश-अप जमिनीवर एकही येत नव्हता, म्हणून टेबलाच्या कडेवर हात ठेवून केले. मग खुर्चीच्या उंचीवर, मग पायरीवर. गुडघे टेकून करण्यापेक्षा हे मला बरं वाटलं, कारण शरीर सरळ ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लागते आणि उंची कमी करत जाणं टेपने मोजता येतं.

प्रत्येक प्रकाराचे तीन सेट, म्हणजे तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत आठ ते बारा आवर्तनं. नियम असा की थांबताना अजून फार तर एक-दोन निघाली असती एवढंच अंगात उरलं पाहिजे. तिन्ही सेटला बारा जमली की पुढच्या खेपेला वजन वाढवायचं, आवर्तनं पुन्हा आठवर. हे तत्त्व जुनंच आहे. 1940 च्या दशकात थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांच्या पायांत ताकद आणायला भार क्रमाक्रमाने वाढवण्याची पद्धत वापरली होती. माझ्या गुडघ्याला हे ऐकून धीर आला.

सगळ्यात अवघड काय गेलं, तर दोन सेटमधली विश्रांती. दीड-दोन मिनिटं नुसतं बसायचं! उड्यांच्या वर्गातून आलेल्या माणसाला ही कामचोरी वाटते. पहिले दोन आठवडे मी त्या वेळात जागच्या जागी पळत होते. परिणाम असा की पुढचा सेट दमामुळे संपायचा, ताकद संपल्यामुळे नाही. बसायला शिकले तेव्हा वहीतले आकडे हलायला लागले.

चुकाही लिहून ठेवल्यात. नवव्या आठवड्यात खुब्यातून वाकण्याच्या प्रकारात एकदम 4 किलो वाढवले, कारण शेजारची मुलगी तेवढं उचलत होती. पाठीत उसण भरली, पाच दिवस बूट घालताना आई आठवली. दुसरी चूक म्हणजे अंग आंबणं हेच यशाचं माप धरणं. नवीन व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू आंबतात, आणि सवय झाली की आंबत नाहीत. पहिल्या महिन्यानंतर ठणका थांबला तेव्हा व्यायाम लागू पडेनासा झाला असं वाटून मी सगळे प्रकारच बदलायला निघाले होते. भाच्याने वही दाखवायला लावली. आकडे तर वाढत होते. "मग दुखायला कशाला हवंय तुला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पहिल्या सहा आठवड्यांत ताकद वाढली, आरसा मात्र ढिम्म. सुरुवातीची वाढ बरीचशी मज्जासंस्थेची असते. असलेल्याच स्नायूंना जास्त नीट कामाला लावायला मेंदू शिकतो. वर काटा एक किलोने चढला, कारण व्यायामाने डिवचलेले स्नायू पाणी धरून ठेवतात. चरबीची टक्केवारी सांगणाऱ्या काट्याने तर एकाच दिवशी सकाळी 34 आणि संध्याकाळी 31 सांगितले. तो पायातून विजेचा बारीक प्रवाह सोडून अंदाज बांधतो, आणि शरीरातलं पाणी बदललं की अंदाज बदलतो. त्यानंतर मी मापं तीनच ठेवली: महिन्यातून दोनदा टेप, आठवड्याच्या वजनाची सरासरी आणि वही.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही, ते प्रत्येकाचं वेगळं. मी उपाशी राहणं सोडलं, रोजच्या गरजेपेक्षा 300 च्या आसपास कॅलरी कमी ठेवल्या आणि प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या थोडी वर नेली, म्हणजे दिवसाला शंभर ते 110 ग्रॅम. झोपेचं मात्र जमलं नाही, मार्चअखेरीला तर नाहीच नाही, आणि ते आठवडे वहीत बरोब्बर ओळखू येतात.

पाच महिन्यांनंतरची नोंद: वजन 66.8. म्हणजे सव्वा किलोसुद्धा पुरतं गेलं नाही. कंबर 92 वरून 85. मांडीचा घेर तसाच, पण पँट मांडीत वेगळी बसते. दंड अर्ध्या सेंटीमीटरने वाढला. गॉब्लेट स्क्वॉट 20 किलो. जमिनीवर पाच पुश-अप. एका पायावर खुर्चीतून उठणं डावीकडून बारा, उजवीकडून दहा. चौदा आठवड्यांच्या घामाने काट्यावर चौपट कमाई केली होती, आणि तरी ऑफिसात 'काय करतेस गं हल्ली?' असं लोकांनी विचारलं ते आता.

स्नायू वाढले की चयापचय धडाधड वाढतं, असं सांगतात, त्यावरही हिशेब केला आणि थोडी निराशा झाली. एक किलो स्नायू स्वस्थ असताना दिवसाला साधारण 13 कॅलरी खातो, एक किलो चरबी साडेचार. दोन किलो स्नायू कमावले तरी दिवसाचे 26. याच्या भरवशावर जेवणाचं पान वाढवता येणार नाही. स्नायूंचा खरा फायदा बॅग फळीवर ठेवताना कळतो.

सध्या प्रश्न आहे तो गुरुवारचा. सायकल मला आवडत नाही, हे सहा महिन्यांनी मान्य करायला हरकत नाही. वहीत गेल्या आठपैकी तीन गुरुवार कोरे आहेत, तिसरा प्रश्न. त्याऐवजी जिने चढून बघायचं ठरवलंय, दोन मिनिटं वर, उतरताना सावकाश. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, चढायला काही नाही, उतरताना कठडा धरा. दोन आठवडे करते. उजवा गुडघा काय म्हणतो बघू.